वजाबाकीची पेटी

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातला २१० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर असला की जनित्रातून १५.७५ किलोव्होल्ट दाबाने जवळपास ९,००० अँपिअर प्रवाह निघतो. एवढा प्रवाह पेलणारी तार टॉवरवर टांगता येत नाही. म्हणून आवारातच उभा असलेला जनरेटर ट्रान्सफॉर्मर दाब २२० किलोव्होल्टपर्यंत चढवतो, प्रवाह साडेसहाशे अँपिअरच्या आसपास उतरतो, आणि मग वीज वाटेला लागते. पुढे एकेक उपकेंद्र दाब उतरवत नेतं, तेव्हा ती घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटपर्यंत पोचते. या सगळ्या चढउतारात ट्रान्सफॉर्मर पदरचा एक वॉटही घालत नाही. उलट थोडी उष्णता पथकर म्हणून घेतो. विजेच्या शास्त्रात अशा उपकरणाला पॅसिव्ह म्हणतात.

गोदावरीच्या बंधाऱ्याचं पाणी आणि रेल्वेने येणारा कोळसा यांवर हे केंद्र चालत आलं आहे. १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मधले. ते केव्हाच निवृत्त झाले. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. केंद्राच्या वसाहतीत टेस्टिंग, इन्स्ट्रुमेंटेशन, कंट्रोल रूममधल्या माणसांच्या दोन पिढ्या राहिल्या आणि निवृत्तीनंतर सामनगाव रोड, जेल रोड, नाशिक रोड अशा आसपासच्या भागांत पांगल्या. मोजण्याची सवय हाताला लागलेली ही माणसं. त्यातल्या काहींनी घरी सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर जवळ केला आणि कान गाण्याला दिले.

टेस्टिंगमधून निवृत्त झालेले असेच एक गृहस्थ. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या हॉलमध्ये सीडी प्लेअर आणि पॉवर ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक छोटी पेटी आहे. पुढे दोन नॉब, मागे आरसीए सॉकेटच्या जोड्या. दिवा नाही, स्विच नाही, मेन्सची वायर नाही. आत एक सिलेक्टर स्विच, एक व्हॉल्यूम कंट्रोल आणि पाच-सहा इंच शिल्ड वायर. हा पॅसिव्ह प्रीॲम्प. काका म्हणतात, “नोकरीत मेगावॉट मोजले, आता मिलिव्होल्ट मोजतो. पण नियम तेच आहेत हो.”

या पेटीवरून ऐकणाऱ्यांच्या जगात कडाक्याचे वाद होतात. एक पंथ म्हणतो, आवाजाच्या वाटेत जितके कमी भाग तितका आवाज शुद्ध. दुसरा म्हणतो, पॅसिव्हने गाण्यातला जोर जातो, बास पातळ होतो. दोघंही आपण ऐकलेलं सांगतात आणि बहुधा दोघंही खरं बोलतात. दोघांच्या घरच्या साखळ्या वेगळ्या असतात एवढंच. ही पेटी चांगली की वाईट हे पेटी उघडून कळत नाही. तिच्या अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे आणि मधली वायर किती लांब आहे, यावर सगळं ठरतं.

आवाज वाढवायची गरज कुठून आली

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती आणि व्हॉल्यूमचा नॉबही नव्हता. आवाज कमी-जास्त करायचा तर सुई बदलायची. लाउड, मिडियम, सॉफ्ट अशा सुयांच्या डब्या दुकानात मिळत. ज्यांच्या घरी सॉफ्ट सुई नसे ते भोंग्यात कापड कोंबत. आवाज कमी करायला वीज लागत नाही हे त्या पिढीला ठाऊक होतं.

वीज आली ती वाढवायला. लाँग प्ले तबकडीच्या मॅग्नेटिक काडतुसातून (कार्ट्रिजमधून) तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कोरताना बास दाबलेला आणि ट्रेबल उठवलेला असतो. वाजवताना ते उलटवावं लागतं. त्याचं आरआयएए प्रमाण १९५४ मध्ये ठरलं. टेपचं हेड, क्रिस्टलचं काडतूस, रेडिओचा ट्यूनर, प्रत्येकाचा दाब वेगळा. या सगळ्यांना एका पातळीवर आणणं, उठवणं, सुधारणं आणि पुढे पॉवर ॲम्प्लिफायरच्या हवाली करणं, हे प्रीॲम्पचं काम होतं. बास-ट्रेबलचे नॉब त्यातच असायचे. त्यांतली अनेक सर्किटं इंग्लंडच्या पीटर बॅक्सांडॉल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेवर बेतलेली आहेत.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि हिशेब उलटला. सीडी प्लेअरचा कमाल दाब साधारण दोन व्होल्ट. आजच्या बहुतेक डॅकचाही, म्हणजे आकड्यांतलं गाणं विजेच्या लहरीत आणणाऱ्या पेटीचाही, तोच. आता पलीकडे पाहा. पॉवर ॲम्प्लिफायर आलेला दाब साधारण वीसपट करतो. आठ ओहमच्या स्पीकरवर ५० वॉट द्यायला २० व्होल्ट लागतात, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी एक व्होल्ट पुरतो. सीडी देते दोन. मधे काहीही वाढवायचं उरलं नाही. उलट कमी करायचं आहे.

किती कमी? दहा बाय बाराच्या खोलीत बसून गाणं ऐकताना बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. एक वॉट म्हणजे आठ ओहमवर २.८३ व्होल्ट, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ०.१४ व्होल्ट. दोन व्होल्टचे ०.१४ करायचे तर सुमारे २३ डेसिबलची घट हवी. अनेक घरांतला ॲक्टिव्ह प्रीॲम्प आधी व्हॉल्यूमच्या नॉबवर हा दाब खाली आणतो आणि मग आतल्या सर्किटने तिप्पट-चौपट वाढवतो. वापरणारा नॉब आणखी खाली घेतो. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असा हा कारभार. पॅसिव्ह पेटीच्या बाजूचं पहिलं आणि सगळ्यांत भक्कम कारण हेच आहे.

बाकीची कारणं या एका कारणातूनच निघतात. पॉवर सप्लाय नाही म्हणून पेटीची स्वतःची पन्नास हर्ट्झची गुणगुण नाही. ट्रान्झिस्टर नाही म्हणून त्याची विकृती नाही, त्याचा खरखराटही नाही. रोधाचा स्वतःचा असा औष्णिक खरखराट असतो खरा. पण अडीच किलोओहमच्या रोधात तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यात एक मायक्रोव्होल्टच्याही आत राहतो. दोन व्होल्टच्या तुलनेत तो सुमारे १२७ डेसिबल खाली. एवढ्या शांततेला पोचणारे ॲक्टिव्ह प्रीॲम्प मोजकेच. शिवाय ही पेटी घरी करता येते. चांगला पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रोध), सॉकेट, स्विच आणि रविवारची दुपार एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाजारातल्या कित्येक साध्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं तर आत हेच दिसतं: सिलेक्टर, मग व्हॉल्यूमचा पॉट, मग थेट पॉवर ॲम्प्लिफायर. पॅसिव्हला नाकं मुरडणारे अनेक जण वर्षानुवर्षं पॅसिव्हच ऐकत असतात. तिथे ते जमतं, कारण पॉट आणि पुढचं सर्किट यांच्यामधली वायर बोटभर असते.

वायर लांबली की

उंच इमारतीत वरच्या मजल्यावर आंघोळ चालू असताना खाली कुणी नळ सोडला तर वरची धार बारीक होते. टाकीत पाणी तेवढंच असतं, पण पाइप अरुंद असतो. विजेच्या उगमाचंही असंच आहे. त्याच्या पोटात थोडा अंगभूत अडथळा असतो. त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. सीडी प्लेअरचा तो शंभर-दोनशे ओहम असतो, म्हणजे पाइप रुंद. मधे पॉट घातला की पाइप अरुंद होतो, आणि किती अरुंद होतो हे नॉब कुठे आहे त्यावर ठरतं.

पॉटचा आउटपुट इम्पीडन्स सगळ्यांत जास्त असतो तो दाब निम्मा केल्यावर, म्हणजे सहा डेसिबल खाली. तिथे तो पॉटच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढा होतो. १० किलोओहमचा पॉट असेल तर अडीच किलोओहम, ५० चा असेल तर साडेबारा, १०० चा असेल तर पंचवीस. आता पलीकडची वायर. शिल्ड वायरमध्ये मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅडचा. रोध आणि कपॅसिटर एकत्र आले की ट्रेबल कापणारा फिल्टर झालाच.

आकडे घालून पाहू. १० किलोओहमचा पॉट आणि एक मीटर वायर: घसरण ६०० किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होते, कानाशी तिचा संबंध नाही. तोच पॉट आणि पाच मीटर वायर: १२७ किलोहर्ट्झ, २० किलोहर्ट्झला घट जेमतेम ०.१ डेसिबल. इथपर्यंत निर्धास्त. ५० किलोओहमचा पॉट आणि पाच मीटर वायर: २५ किलोहर्ट्झ, २० किलोहर्ट्झला दोन डेसिबल गेले, १० किलोहर्ट्झला ०.६. तरुण कानाला कदाचित थोडा मऊपणा जाणवेल. साठी ओलांडलेल्याला बहुधा नाही, कारण त्या वयात वरचे स्वर कानानेच सोडलेले असतात.

आता वाईटात वाईट जोडी. आपल्याकडच्या असेंबल्ड ॲम्प्लिफायरमुळे १०० किलोओहमचा ड्युअल लॉग पॉट कुठल्याही दुकानात हाताला लागतो. तो घ्या, पाच मीटर वायर टाका आणि पुढे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लावा. त्याच्या पहिल्या व्हॉल्व्हचा स्वतःचा कपॅसिटन्स आणखी दीडशे पिकोफॅरॅडच्या घरात. गणित केलं तर घसरण १० किलोहर्ट्झच्याही खाली सुरू होते आणि पाच किलोहर्ट्झलाच एक डेसिबल कमी होतो. तानपुऱ्याची जवारी जिथे चमकते तो सगळा पट्टा यात दबतो. “पॅसिव्हने जीव गेला” ही तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे.

मात्र हे गणितही अर्धंच सांगितलं जातं. चौथ्या हिश्शाचा नियम नॉब सहा डेसिबल खाली असतानाचा आहे, आणि मघाच्या हिशेबाने सहा डेसिबल खाली म्हणजे ५० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात. तेवढ्यावर शेजारी दार ठोठावतील. प्रत्यक्ष ऐकण्याच्या जागी, म्हणजे २३ डेसिबल खाली, त्याच १०० किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इम्पीडन्स साडेसहा किलोओहमवर येतो आणि १० किलोओहमच्या पॉटचा साडेसहाशे ओहमवर. म्हणून सीडी किंवा डॅक लावणाऱ्याला हा दोष सहसा भेटत नाही. तो भेटतो ज्याचा उगम अशक्त आहे त्याला. मॅग्नेटिक काडतुसाचे पाच मिलिव्होल्ट फोनो स्टेजने शंभरपट केले तरी अर्धा व्होल्टच होतो. मग नॉब वर चढतो, नेमका वाईट जागेत जाऊन बसतो, आणि तरी पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर पावशेर जोरावरच राहतो. लाँग प्लेवाल्याची नाराजी आणि सीडीवाल्याचं कौतुक, दोन्ही एकाच पेटीबद्दल असू शकतं ते असं.

बास कुठे जातो

दुसरी तक्रार बासची. पॉट बास कापत नाही, पण कापायला लावू शकतो. अनेक उगमांच्या तोंडाशी, विशेषतः व्हॉल्व्हच्या फोनो स्टेजच्या किंवा जुन्या ट्यूनरच्या, एक कपॅसिटर मालिकेत असतो. समजा तो ०.४७ मायक्रोफॅरॅडचा आहे. पुढे १०० किलोओहमचा भार असेल तर बासची घसरण साडेतीन हर्ट्झखाली, म्हणजे काही बिघडत नाही. त्याच्यापुढे १० किलोओहमचा पॉट ठेवला तर घसरण ३४ हर्ट्झवर येते. पखवाजाच्या डाव्या अंगाचा तळ, बायाची घुमक थोडी सुटलीच.

म्हणजे अडचण दुधारी आहे. पॉट मोठा घ्यावा तर ट्रेबल जातो, लहान घ्यावा तर काही उगमांचा बास जातो. ॲक्टिव्ह प्रीॲम्प हा पेच सोडवतो: अलीकडच्या उगमाला तो भार जाणवू देत नाही आणि पलीकडच्या वायरला शंभर-दोनशे ओहमच्या रुंद पाइपने भरतो. त्याचं खरं मोल वाढवण्यात नसून या मध्यस्थीत आहे.

दुरुस्तीच्या टेबलावरून

नाशिक रोडला डेक, ॲम्प्लिफायर, होम थिएटर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं मत अधिक रोखठोक होतं. त्याच्या मते भांडण पॅसिव्हचं नाही, पॉटचं आहे. स्वस्त कार्बन पॉटची पट्टी वर्ष-दोन वर्षांत धूळ आणि दमट हवा खाते आणि नॉब फिरवला की खरखर येते. डाव्या-उजव्या गँगचा मेळ बसत नाही. अगदी हळू आवाजात दोन-तीन डेसिबलचा फरक सहज असतो आणि गायक एका स्पीकरकडे सरकल्यासारखा वाटतो. नामांकित जपानी कंपनीच्या निळ्या पॉटच्या नकला बाजारात बेसुमार आहेत; डबी, छाप सगळं हुबेहूब. त्याने सांगितलेला धोका मात्र ऐकून ठेवण्यासारखा आहे: पॉटचा जमिनीला गेलेला पाय सुटला, म्हणजे एक झाल कच्ची निघाली, की आवाज एकदम पूर्ण चढतो. स्पीकरची कॉइल जळायला तेवढं पुरतं. उगमातून चुकून डीसी आला तर पॅसिव्ह पेटी तोही निमूटपणे पुढे पाठवते.

कार्बनची पट्टी नको असेल तर पायऱ्यांचा ॲटेन्युएटर. चोवीस पायऱ्यांचा स्विच, प्रत्येक पायरीला मोजून निवडलेले मेटल फिल्म रेझिस्टर, पायरी दोन डेसिबलची. डावं-उजवं तंतोतंत, खरखर नाही. झळ वेळेला आणि खिशाला. दोन पायऱ्यांच्या मधला आवाज हवा असेल तर तो मिळत नाही, एवढा त्याचा हट्ट. प्रकाशाने रोध बदलणाऱ्या एलडीआरचेही काही जण चाहते आहेत. पण त्याला वीज लागते आणि मोठ्या संकेताला तो स्वतःची विकृती मिसळतो. म्हणजे पॅसिव्हचे दोन्ही फायदे तिथे सोडावे लागतात.

या कारागिराकडून कळलेली दुसरी गोष्ट बास-ट्रेबलची. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच दोन नॉब शोधतं. आपण ऐकतो त्यातलं किती तरी जुनं आहे. नाशिकलाच १९२१ मध्ये जन्मलेले आणि १९५५ मध्ये अकाली गेलेले द. वि. पलुसकर घ्या. त्यांचं ध्वनिमुद्रण मोनो, बरंचसं ७८ गतीच्या तबकड्यांच्या काळातलं. त्या तबकड्यांवर वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा घासण्याचाच आवाज जास्त, आणि १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनीची कोरण्याची रीतही वेगळी. असं गाणं कानाला सुखाचं करायचं तर ट्रेबल थोडा उतरवावा लागतो, बास बेताने सावरावा लागतो. पॅसिव्ह पेटी यात काहीच मदत करत नाही. आहे ते, आहे तसं, फक्त हळू. नव्या, निगुतीने केलेल्या ध्वनिमुद्रणाला हे शोभतं. आजोबांच्या तबकड्यांच्या पेटाऱ्याला बास-ट्रेबलचे नॉब हवेत.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा

वीज केंद्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला एक उपाय आपोआप सुचतो. रोधात दाब जाळून कमी करण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरने उतरवला तर? तोही पॅसिव्हच. अशा पेट्या आहेत. आवाजासाठी केलेला छोटा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या गुंडाळीतून काढलेले वीस-चोवीस टॅप आणि एक स्विच. ब्रिटनच्या स्टीव्हन्स अँड बिलिंग्टनचा टीएक्स १०२ या कामासाठी नावाजलेला आहे.

फायदा मोठा आहे. ट्रान्सफॉर्मर दाब दहाव्या हिश्शावर आणतो तेव्हा उगमाचा इम्पीडन्स शंभराव्या हिश्शावर येतो. दाबाच्या गुणोत्तराचा वर्ग. २०० ओहमचा सीडी प्लेअर पलीकडच्या वायरला दोन ओहमचा वाटतो, त्यात गुंडाळीच्या तारेचा रोध मिळवायचा. पलीकडचा १० किलोओहमचा भार उगमाला तत्त्वतः शंभरपट हलका भासतो. वायरची लांबी, कपॅसिटन्स, सगळी भीती संपली. शिवाय दोन वेगळ्या गुंडाळ्या असल्यामुळे दोन उपकरणांच्या जमिनी तुटतात आणि अर्थिंगच्या वेढ्यातून येणारी गुणगुण थांबते. एकच गुंडाळी असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण हा शेवटचा फायदा देत नाही.

आता तोटे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व दाब भागिले वारंवारिता या हिशेबाने चढतं. बास जितका खोल आणि आवाज जितका मोठा तितका गाभा भरत जातो, आणि भरला की लहरीचा आकार बिघडतो. केंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरला याच कारणासाठी ओव्हरफ्लक्सिंग रिले असतो. टेस्टिंगमधल्या माणसाने तो असंख्य वेळा तपासलेला असतो, त्यामुळे काकांना हे समजवावं लागलं नाही. घरातल्या पेटीत रिले नसतो. गाभा ऐसपैस आणि निकेलच्या मिश्रधातूचा घ्यावा लागतो. वरच्या टोकाला गुंडाळीचा स्वतःचा कपॅसिटन्स घंटेसारखा वाजू शकतो. ॲम्प्लिफायरचा मोठा ट्रान्सफॉर्मर शेजारी असेल तर त्याची पन्नास हर्ट्झची गुणगुण ही पेटी झेलते, म्हणून तिला म्यूमेटलचं चिलखत चढवतात. या सगळ्याची किंमत होते. परदेशी तयार पेटी लाखांच्या घरात जाते. इथे मग प्रश्न येतो: आवाज कमी करण्यासाठी लाख रुपये?

मधला रस्ता

या प्रश्नाला एक साधं उत्तर आहे, आणि ते पॅसिव्हही नाही, जुन्या अर्थाने ॲक्टिव्हही नाही. पॉट ठेवायचा, त्याच्यापुढे बफर ठेवायचा. बफर दाब वाढवत नाही. एक व्होल्ट आला तर एकच व्होल्ट पुढे जातो. पण अलीकडे त्याचा भार नगण्य असतो आणि पलीकडे त्याचा पाइप रुंद असतो. अमेरिकन संरचनाकार नेल्सन पास यांनी २००८ मध्ये बी १ नावाचं असं सर्किट घरी करणाऱ्यांसाठी खुलं केलं. मोजके जेफेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर), १८ व्होल्टचा साधा सप्लाय, बस्स. जगभरच्या हौशी मंडळींनी ते केलं, कारण पॅसिव्हचा मूळ मुद्दा, म्हणजे नको तिथे वाढवू नये, तो यात शाबूत आहे.

जेफेट मिळत नसतील तर ५५३२ हा ऑप-ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरांची तयार चिप, आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीचा, स्टुडिओंच्या मिक्सरमधून असंख्य गाणी त्याच्यातून गेलेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो चहाच्या हिशेबात मिळतो. ज्याला ट्रान्झिस्टरची ॲलर्जी आहे त्याने हे ध्यानात घ्यावं: त्याच्या सीडीवरचं गाणं घरी पोचण्याआधी अशा कितीतरी ऑप-ॲम्पमधून आलेलं आहे. आणखी एकाने त्याचं सोवळं मोडत नाही.

डॅक वापरणाऱ्यांना तिसरी वाटही आहे: व्हॉल्यूम डॅकमध्येच कमी करायचा. आकड्यांच्या हिशेबात दर सहा डेसिबलला एक बिट जातो. १६ बिटांच्या जुन्या यंत्रात हे बोचायचं. २४ किंवा ३२ बिटांच्या आजच्या यंत्रात २३ डेसिबलचे चार बिट गेले तरी गाण्याचे सोळा शिल्लक राहतात. मर्यादा येते ती डॅकच्या स्वतःच्या खरखराटाची. डॅक शांत असेल तर पेटीच नको. चूक एकच होऊ शकते: फोन किंवा लॅपटॉपने रात्री आपोआप अपडेट होऊन व्हॉल्यूम शंभरावर नेला आणि सकाळी भजन लावलं, तर घर जागं होतं.

कानाची परीक्षा

वाद मिटवायचा तर ऐकून, पण ऐकण्याचीही रीत आहे. दोन साखळ्यांतली जी किंचित मोठी वाजते ती कानाला चांगली वाटते. हा कानाचा स्वभाव आहे, रसिकतेचा दोष नाही. ॲक्टिव्ह प्रीॲम्प सहसा वाढवतो, म्हणून तोच नॉब त्याच जागी ठेवून केलेल्या तुलनेत तो “जोरकस” निघतो. पॅसिव्हने जोर जातो या तक्रारीतला मोठा हिस्सा केवळ याचा आहे.

काकांची पद्धत इथे उपयोगी आहे. १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावायचा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरायचा आणि दोन्ही पेट्यांचे आकडे जुळवायचे. १०० हर्ट्झ यासाठी की स्वस्त मल्टिमीटर मेन्सच्या आसपासच्या वारंवारितेला खरं सांगतो, हजारांत गेला की भरकटतो. एक पेटी २.०० व्होल्ट देत असेल आणि दुसरी २.०२, तर फरक ०.१ डेसिबलच्या आत आहे. एवढा जुळला की पुरे. मग अदलाबदल करणाऱ्याने कोणती पेटी चालू आहे ते सांगायचं नाही आणि ऐकणाऱ्याने वही-पेन घेऊन बसायचं. गाणं आपल्या ओळखीचं हवं, तानपुरा मोकळा ऐकू येणारं, तबल्याचा बाया स्पष्ट असलेलं. नातवंडं घरी असतील तर त्यांना बसवावं. ट्रेबलच्या बाबतीत त्यांचे कान घरातले सगळ्यांत भरवशाचे.

अशी परीक्षा घेतली की भांडणाची धार जाते. चांगल्या जोडणीतली पॅसिव्ह पेटी आणि चांगला ॲक्टिव्ह प्रीॲम्प यांत फरक सांगणं अवघड होतं. वाईट जोडणीतला फरक पहिल्या आलापात कळतो, आणि त्याचं कारण आधी केलेल्या गणितात सापडतं.

मग घ्यावी का

घ्यावी, चार अटी जमत असतील तर. उगम दोन व्होल्टचा आणि रुंद पाइपचा हवा: सीडी प्लेअर, डॅक, चांगला टीव्ही बॉक्स. ॲम्प्लिफायर एक-दीड व्होल्टवर पूर्ण जोर देणारा आणि त्याचा स्वतःचा भार ४० किलोओहमच्या वर हवा. पॉट १० किलोओहमचा, खात्रीच्या दुकानातला. वायर एक-दीड मीटरच्या आत, म्हणजे पेटी ॲम्प्लिफायरच्या शेजारी. या जुळल्या तर ती पेटी काहीशे रुपयांत जे देते त्यावर हजारो खर्चूनही फारसं मिळत नाही. एक अट मोडली तर बफर घाला. दोन मोडल्या, घरात लाँग प्ले आणि ७८ च्या तबकड्या असतील, बास-ट्रेबलला हात लावल्याशिवाय चैन पडत नसेल, तर सरळ ॲक्टिव्ह प्रीॲम्प घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

दुकानात गेल्यावर पेटीबद्दल विचारण्याआधी दोन आकडे मागा: आपल्या उगमाचा आउटपुट इम्पीडन्स आणि ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स. दुसरा पहिल्याच्या निदान दहापट हवा, आणि मधे पॉट आला की हा नियम पॉटच्या दोन्ही बाजूंना लावायचा. विक्रेत्याने हे आकडे न सांगता शुद्धतेवर व्याख्यान सुरू केलं, तर पिशवी उचलून पुढच्या दुकानात जा.